वाढत्या मापाचा रेडिएटर

“त्या झाकणाला हात लावलास तर तंगडी तोडून गळ्यात बांधीन,” बाबा म्हणाले.

आता रेडिएटरचं झाकण हाताने उघडतात, तंगडीने नाही. मी तेवढंच म्हणालो. मला उलट बोलायचं नव्हतं, फक्त चूक दाखवायची होती. पण आमच्या घरात या दोन गोष्टींत फरक करत नाहीत.

आम्ही टेकडीच्या चढावर अर्ध्यात उभे होतो. पिकअपच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये बोनेटमधून भसाभस वाफ. आई मागे हौद्यात, दाताच्या डॉक्टरांच्या सोफ्यावर बसलेली. गाडी तीच चालवत होती, पण आमचं दोघांचं सुरू झालं की ती लांब जाऊन बसते, आणि त्या चढावर लांब म्हणजे तो सोफाच होता. सोफ्याला तिनेच नवीन रेक्झिन चढवलं होतं. येणारे-जाणारे वळून बघत होते, कारण भररस्त्यात एक बाई हौद्यातल्या सोफ्यावर हाताची घडी घालून बसली आहे आणि खाली बापलेक भांडतायत, हे फुकटात रोज बघायला मिळत नाही.

आई जुने सोफे नवे करते. पिकअप तिची आहे, कामही तिचंच. मी तिच्या हाताखाली असतो. म्हणजे सोफ्याचं जड टोक माझं. शाळा मी दहावीत सोडली. का सोडली ते सगळ्यांचं विचारून झालंय, तुम्ही नका विचारू. बाबा जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत आहेत. दिवसभर मेलेल्या माणसांच्या नोंदी करून त्यांची नजर अशी झाली आहे की कुठलीही गोष्ट जरा आजारी दिसली की ते मनातल्या मनात तिची नोंद करून टाकतात.

त्या दिवशी त्यांनी दोन नोंदी केल्या. एक गाडीची, एक माझी.

“गाडी बर्फवाल्याला देऊन टाकायची,” घरी आल्यावर ते म्हणाले. बर्फवाला कधीपासून ती मागत होता. “सोफे टेंपो लावून पोचवता येतात. आणि हा जाईल मामाकडे. दहावी करेल.”

माझा मामा मुख्याध्यापक आहे. माणूस वाईट नाही. पण तो घरातही घंटा झाल्यासारखा जेवायला उठतो, आणि आपण काही सांगायला लागलो की “पूर्ण वाक्यात सांग” म्हणतो. त्याने माझ्यासाठी खाटसुद्धा टाकून ठेवली होती. त्या खाटेचा फोटो पाठवला होता. खाटेशेजारी टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. एखाद्याला धमकी कशी द्यावी ते शिकावं मामाकडून.

मी म्हणालो, गाडीला काही झालेलं नाही, फक्त रेडिएटर गेलाय. नवीन घाला, मी बसवतो. बाबा हसले. ते फार कमी हसतात, त्यामुळे ते हसले की जास्त लागतं. मग आई बोलली. ती शिवणाची सुई तोंडात धरून बोलते म्हणून थोडक्यात बोलते. तिने सांगितलं, रेडिएटर आणा, हा बसवेल, टेकडीवरच्या दवाखान्याची बाकं त्या चढाने नेऊ. गाडी वर गेली तर गाडी राहील आणि हाही राहील. उकळली तर तुम्ही म्हणाल तसं.

बाबांनी लगेच कबूल केलं. इतकं लगेच की माझा अपमान झाला.

तर आता रेडिएटर निवडायचा. तुम्हाला वाटेल, दुकानात जायचं, या गाडीचा द्या म्हणायचं, आणायचा. तुम्ही आमच्या इमारतीत राहत नाही म्हणून असं वाटतं.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. गळती बुजवायला त्याला इतक्या वेळा डाग दिले होते की मूळचा रेडिएटर कुठला आणि डाग कुठला हे सांगता येत नव्हतं. मला अॅल्युमिनियमचा हवा होता. हलका असतो, लवकर थंड होतो. ही बातमी खाली सेक्रेटरीकाकांपर्यंत पोचली. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे निवृत्त झाले असं नुसतं म्हणायचं. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की अॅल्युमिनियम घेऊ नकोस, ते टिकत नाही, त्याला डाग बसत नाही, तांबं ते तांबं. मी म्हणालो, काका, डाग द्यावाच लागू नये म्हणून तर नवीन घेतोय. ते म्हणाले, माणसाने नेहमी डागाची सोय बघून ठेवावी. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस असं का म्हणतो यावर मी फार विचार केला नाही.

वरच्या मजल्यावर विज्ञानाच्या बाई राहतात. त्या माझ्याच शाळेतल्या. शाळा सोडली तरी बाई डोक्यावरच राहिल्या, याला मी नशीब म्हणतो. त्या गॅलरीतून म्हणाल्या की तांब्यातून उष्णता जास्त चांगली वाहते, पण अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, म्हणून एकूण हिशेबात तेही चालतं. हे त्यांनी आठवीत शिकवलं होतं असंही म्हणाल्या. मी म्हणालो, असेल. त्या म्हणाल्या, त्या दिवशी तू खिडकीबाहेर बघत होतास. हेसुद्धा असेल. खिडकीबाहेर गॅरेज होतं.

शेवटी अॅल्युमिनियम ठरलं. माप मी घेतलं. उंची, रुंदी, जाडी, वरचा पाइप, खालचा पाइप, झाकण कुठे, कान कुठे. कान म्हणजे ज्याने तो गाडीला पकडतो त्या पट्ट्या. सगळं कागदावर काढून बाबांकडे दिलं, कारण फोन त्यांच्या नावाचा आणि पैसे त्यांच्या खिशातले. नळ्यांच्या दोन ओळींचा हवा, हे खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं.

माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात आला तेव्हा बाबा कचेरीत होते. गोदामातल्या पार्सलवाल्याने ओळखपत्र मागितलं. माझ्याकडे एकच होतं, शाळेचं. त्यावरचा फोटो आठवीतला, तेल लावून चपटा भांग पाडलेला, गाल असे की दोन्ही गालांत लाडू ठेवलेत. पार्सलवाल्याने फोटो बघितला, मला बघितलं, आणि विचारलं, “धाकटा भाऊ का?”

मी म्हणालो, मीच आहे. तो म्हणाला, मग आत्ता शाळेत का नाहीस? हे बघा, ज्याच्या हातात रबरी शिक्का असतो तो मला दहावी करायला सांगतो. पोस्टात सांगितलं, लायब्ररीत सांगितलं, एकदा डोळे तपासायला गेलो तर चष्मेवाल्याने सांगितलं. मी डोकं थंड ठेवलं. म्हणजे टेबलावर एकदाच हात आपटला.

मग रेडिएटर सापडेना. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कप्प्यात नाही, यंत्रांच्या कप्प्यात नाही. पार्सलवाला आत-बाहेर करून घामाघूम झाला. मीच फिरत फिरत मागच्या बाजूला गेलो तर पातेली, डबे, कळश्या यांच्या राशीत माझं खोकं. पाठवणाऱ्या गोदामात कुणीतरी ‘अॅल्युमिनियम’ एवढं वाचलं होतं आणि पुढे ‘भांडी’ असं स्वतःच्या बुद्धीने लिहिलं होतं. मी म्हणालो, हेच ते. पार्सलवाला म्हणाला, तुम्ही रेडिएटर न्यायला आलाय, ही भांडी आहेत. मी म्हणालो, उघडून बघा. तो म्हणाला, मालाचं खोकं उघडायचा मला अधिकार नाही. मग मी उघडतो. सही केल्याशिवाय तुम्हालाही नाही. मग सही करतो. पण तुम्ही रेडिएटरची सही करणार आणि ही तर भांडी.

आम्ही दोघं बराच वेळ या गोल खोलीत कोपरा शोधत होतो. शेवटी मी ‘अॅल्युमिनियमची भांडी, एक नग, सुस्थितीत मिळाली’ असं लिहून दिलं. निघताना तो म्हणाला, “आईला आवडतील.”

घरी खोकं उघडलं. रेडिएटर काय देखणा होता. चकचकीत, पापुद्र्यांची बारीक नक्षी, बोट फिरवलं तर वाजेल असा. फक्त तो तीन ओळींचा होता. जाडजूड. मी बाबांकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

“दुकानदाराने विचारलं, दोन की तीन,” पेपरामागून आवाज आला. “थोड्याच फरकात मिळत होता. म्हटलं, घ्यायचाच तर मोठा घ्यावा.”

हे आमचं घराणं. मला जन्मात कधी अंगाला बसणारा शर्ट मिळालेला नाही. बूट घेतले की पुढे कापूस. सगळं वाढत्या मापाचं, पोरगं वाढणार म्हणून. पण गाडी वाढत नाही हो. मी हे बोललो, जरा मोठ्याने बोललो, आणि हातातला पाना खिडकीबाहेर फेकला. पाना खाली कुंपणाच्या झुडपात गेला. मग मला खाली जाऊन, सेक्रेटरीकाका बघत असताना, रांगत तो शोधावा लागला. चिडून वस्तू फेकण्यात हीच अडचण आहे. बाणा पाच सेकंद टिकतो आणि पाना शोधायला अर्धा तास जातो.

काका म्हणाले, आवारात दुरुस्तीला बंदी आहे. ठराव झालाय. वाहन धुवायला परवानगी आहे, तेही सकाळी. मी अर्ज दिला. अर्ज सभेपुढे ठेवावा लागेल म्हणाले. सभा कधी, तर अर्ज पुरेसे जमले की.

मग मी गाडी धुवायला घेतली. बादली, फडका, साबण, सगळं बाहेर मांडलं, आणि फडक्याखाली पाने. काका आले की मी चाक पुसायचो, गेले की होजपाइप सोडवायचो. पुढची जाळी मी काढली आणि तीही धुतली, नियमात बसावं म्हणून. तिसऱ्या फेरीला काका माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. मी जुना रेडिएटर दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. खाली ठेवायला जागा नाही, लपवायला तर नाहीच. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे असं धुतात?” आणि खाली वाकून, “ती डावीकडची क्लिप आधी सोडव. पाणी माझ्या पायावर येईल असं नको.” पाणी त्यांच्या पायावरच आलं. पण त्यानंतर त्यांनी जी बॅटरी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. ठराव मोडणाऱ्याला उजेड दाखवू नये असं ठरावात नव्हतं.

नवीन रेडिएटर बसेना. बसला तर पंखा त्याला घासेल एवढा चिकटून. मध्ये करंगळी जाईना. बाबा गॅलरीत आले, बघून आत गेले. मला वाटलं आत जाऊन मामाला फोन करतायत. तेव्हा आई खाली आली. सोफ्याच्या बुडाला लावायच्या जाड रबरी पट्ट्या घेऊन आली होती. तिने बोटांनी जागा चाचपली, जशी ती खुर्चीची पाठ चाचपते, आणि म्हणाली, कान पुढच्या बाजूला घे, मागून रबर दे, म्हणजे सगळाच पुढे सरकेल. मी कानसीने भोकं लांबवली, तिने रबर कापून दिलं. रेडिएटर पुढे सरकला. पंख्यापाशी अख्खं बोट जायला लागलं. पुढे मात्र जाळी आणि रेडिएटर यांच्यात जेमतेम फट उरली.

मी होज चढवले, क्लिपा आवळल्या, जाळी लावली. मग कूलंट आणायला गेलो. परत आलो तर आई हात पुसत उभी. म्हणाली, छान दिसतंय. मला एवढं बरं वाटलं की मी परत काही तपासलंच नाही. कूलंट भरलं, गाडी थोडा वेळ उभ्या उभ्या चालू केली, काका म्हणाले ठीक आहे, बाबा गॅलरीतून म्हणाले बघू.

रविवारी दवाखान्याची बाकं चढवली. आई चालवायला, मी मध्ये, बाबा खिडकीशी, साक्षीदार म्हणून. अठरा पूर्ण व्हायला मला अजून अवकाश आहे, त्यामुळे गाडी पूर्ण खोलता येते पण दहा फूट चालवता येत नाही. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा थोडा वर गेला. मी म्हटलं, नवीन आहे, बसतोय. चढ लागला आणि काटा असा निघाला की त्याला चढाची वाटच बघायची होती. पहिल्या वळणावर लाल खुणेजवळ. दुसऱ्या वळणावर, आणि हे वळण तेच, सोफ्याचं, बोनेटमधून भस्स.

बाबांनी भांडणसुद्धा केलं नाही. खाली उतरले, फोन काढला, आणि बर्फवाल्याला संध्याकाळी या म्हणून सांगितलं. माझ्यावर ओरडले असते तर चाललं असतं. ते उलट म्हणाले, “केलंस तेवढं पुष्कळ केलंस.” मला आयुष्यात इतकं वाईट कुणी काही बोललेलं नाही.

बाकं टेंपोने वर गेली. गाडी थंड करून, हळूहळू, उताराने खाली आणली. आवारात उभी केली आणि लोक जमले. आमच्याकडे कुणी आजारी पडलं तर एवढे येत नाहीत. सेक्रेटरीकाका म्हणाले, मी आधीच म्हणालो होतो, तांबं. दुसरे एक जण पाण्याचा पंप गेलाय म्हणाले. त्यांची स्वतःची स्कूटर आहे. तिसरे म्हणाले आत हवा अडकली आहे, गाडी उंचवट्यावर लावून नाक वर करा. आम्ही नाक वर केलं. हवा बिवा काही निघाली नाही. मग थर्मोस्टॅट. मी तो काढून गरम पाण्यात टाकून बघितला, बिचारा नीट उघडत होता. मग सगळ्यांनी माना हलवून एकमताने हेड गॅस्केट जाहीर केलं. हेड गॅस्केट म्हणजे असा आजार, जो सांगितला की सांगणाऱ्याला घरी जाऊन जेवता येतं. सगळे गेले.

मी बंपरवर बसून राहिलो. वर गॅलरीत बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. दुपार टळली तरी लाल पेन चालूच. जरा वेळाने त्या वरूनच म्हणाल्या, “पाणी आत फिरतंय ना?”

मी म्हणालो, फिरतंय, दोन्ही होज गरम लागतात.

“मग उष्णता पाण्यातून बाहेर कशात जाते?”

मला असले प्रश्न विचारले की डोकं फिरतं. मी म्हणालो, हवेत जाते, आणखी कुठे जाणार.

“मग हवा येते का ते बघ. पुढे जाळीशी कागद धर. पंखा चालू असला तर तो कागद ओढून धरेल.”

माझ्याकडे कागद नव्हता. मी वर बघितलं. बाईंनी गठ्ठ्यातून एक कोरी पुरवणी काढली आणि खाली सोडली. ती तरंगत तरंगत आली. अख्ख्या शाळेत मी कधी पुरवणी घेतली नव्हती. मूळ पेपरच भरत नसे.

आईला गाडी चालू करायला लावली. जाळीपुढे पुरवणी धरली आणि सोडली. पुरवणी सरळ खाली पडली. परत धरली. परत पडली. पंखा मागे गरगर फिरतोय आणि पुढे वाऱ्याची झुळूक नाही.

मी जाळी काढली. आत रेडिएटर होता. तसाच चकचकीत, रुपेरी. हात लावला. मऊ लागला.

आता अॅल्युमिनियम मऊ लागत नाही. मी कडेने बोट फिरवलं. कडेला सुबक गोट होता. झाकणाच्या जागी गोल कापून काज केल्यासारखी दुहेरी शिलाई. पाइपांपाशी व्यवस्थित चुणी. आणि एका बाजूला, वरपासून खालपर्यंत, चेन. माझ्या रेडिएटरला चेन होती. बॅगेला असते तशी. ओढून बघितली तर सुळकन उघडली.

दाताच्या डॉक्टरांच्या सोफ्याचं रुपेरी रेक्झिन उरलं होतं, त्याचं आईने कव्हर शिवलं होतं. मी कूलंट आणायला गेलो तेव्हा वरच्या फटीतून घातलं. सोफ्याच्या सांदीत हात घालायची तिला सवय, तिला कुठलीही फट पुरते. आमच्या घरात रिमोटला कव्हर आहे, मिक्सरला आहे, इस्त्रीला आहे, बाबांच्या चष्म्याच्या घराला आणखी एक घर आहे. पण हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

मी तिच्याकडे वळलो. तोंडात एवढं काही आलं होतं की कुठून सुरुवात करू ते ठरेना. आई गाडीतून उतरली, माझ्या हातातलं कव्हर बघितलं, मग उघडा रेडिएटर बघितला.

“पापुद्रे नाजूक होते,” ती म्हणाली. “खडा लागला तर चेपतील म्हटलं. पाण्याने थंड होतं ना ते? वारा लागतो हे मला कुणी सांगितलं?”

कुणीच नव्हतं सांगितलं. मी, बाबा, काका, आम्ही आठवडाभर तिच्यासमोर रेडिएटरबद्दल बोललो, तिच्याकडून रबर घेतलं, आणि तो काय काम करतो हे तिला एका वाक्यात सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी परत कव्हराकडे बघितलं. शिलाई इतकी सरळ होती की ओरडणंच सुचेना. मी म्हणालो, चेन कशाला लावलीस? ती म्हणाली, धुवायला काढता यावं म्हणून. आणि घडी करून ते पदराखाली धरून वर निघून गेली. मागून तिची मान बघून मला कळलं की तिला माझ्यापेक्षा जास्त लागलंय.

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ठरलं होतं काय? गाडी वर गेली तर. गेली का? मी म्हणालो, पण कारण सापडलं. ते म्हणाले, कारण प्रत्येक गोष्टीला असतं, मी रोज कारण लिहितो, त्याने माणूस परत येत नाही. आणि बर्फवाल्याला शब्द दिलाय.

बर्फवाला आला. भला मोठा माणूस, हातात ओला रुमाल. त्याची स्वतःची पिकअप गेटाबाहेर लावून आला. म्हणाला, त्या चढावर चालवून दाखवा, माझी गिऱ्हाइकं सगळी वर आहेत. बाबा म्हणाले, दाखवतो. आई किल्ली घेऊन आली. मी निघण्याआधी पाणी बघायला बोनेट उघडलं.

झाकणाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेवर ते नुसतं बसतं, दुसरीवर गच्च बसतं. पहिलीवर सोडलं तर सपाटीला काही होत नाही, चढाला आत दाब धरत नाही आणि पाणी उकळून बाहेर येतं. बाहेरून बघून कुणाला कळत नाही. गाडी उकळली तर बर्फवाला हात जोडून परत जाईल. गाडी राहील. गाडी राहिली तर मी राहीन. झाकण माझ्या हातात होतं, पहिल्या खाचेवर. बाबा आणि बर्फवाला पलीकडे टायर बघत होते.

मी ते गच्च आवळलं. माझ्या चांगुलपणाचं कौतुक नको, तो विषय नाही. तो रेडिएटर मी बसवला होता. कानसीने भोकं मी लांबवली होती. तो उकळला असता तर बर्फवाल्याने दारोदार बर्फाबरोबर हेही वाटलं असतं की पोराने बसवला होता, टिकला नाही. ते मला मामाकडच्या खाटेवर पडल्या पडल्या ऐकू आलं असतं.

गाडी चढावर लागली. मी मध्ये, बर्फवाला खिडकीशी, त्याच्या वजनाने गाडी त्या अंगाला झुकलेली. बाबा मागे हौद्यात उभे. पहिलं वळण. काटा मध्यावर. दुसरं वळण, ते वळण. काटा मध्यावर. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गिअर बदलला. वर दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा काटा तिथेच, जसा कुणी शाईने काढलाय. मी जिंकलो होतो आणि गाडी चालली होती. मला रडू येत होतं म्हणून मी खिडकीबाहेर थुंकलो, ते बर्फवाल्याच्या बाहीवर उडालं.

तो बाही पुसत खाली उतरला. बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग वाकून जाळीतून आत बघितलं.

“बसवला कुणी?” त्याने विचारलं.

बाबा हौद्यातून उतरत होते. “याने,” म्हणाले.

बर्फवाला म्हणाला, त्याची स्वतःची गाडी रोज याच चढावर उकळते. पाठीवर अख्खा बर्फ आणि पुढे वाफ, गिऱ्हाइकं हसतात. म्हणून तर तो दुसरी गाडी बघत होता. पण आता बघितल्यावर त्याच्या डोक्यात आलं की अख्खी गाडी कशाला घ्यायची, रेडिएटरच बदलून घेऊ. असाच, जाड. आणि पोराला म्हणावं ते कान पुढे घेतलेत तसेच घे. बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता दहावी काढतात. पण ते म्हणाले, सांगा, याला कधी पाठवू.

आता सकाळ आहे आणि मी हे जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. आत बाबा मामाशी फोनवर बोलतायत. दार उघडं आहे म्हणून ऐकू येतं. दहावीचं बाहेरून बघू म्हणाले, फॉर्म भरू, अभ्यास संध्याकाळी. हे माझ्याशी न बोलताच ठरलेलं दिसतंय, यावर मी नंतर भांडणार आहे. मग मामाने काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, “नाही, आज फोन देता येणार नाही त्याला. कामावर निघालाय.”

कामावर. त्यांनी हा शब्द माझ्यासाठी याआधी कधी वापरला नव्हता.

खाली बर्फवाल्याची गाडी गेटात येऊन उभी आहे, आणि त्या शहाण्याने बर्फ न उतरवताच आणली आहे. पाणी आवारभर पसरतंय. सेक्रेटरीकाका पायजमा वर धरून तिकडे निघालेत. मला हाका येतायत. मला आता गेलंच पाहिजे, बर्फ काही थांबत नाही.